पुंटोचं काळीज

संपादकांनी बुऱ्हाणपूरजवळच्या जैनाबादला धाडलं होतं ते तिथल्या आहुखाना या मुघलकालीन बागेवर लिहायला. पण गावात शिरताना एका गॅरेजात बॉनेट उघडलेली फियाट पुंटो दिसली आणि मी तिथंच रेंगाळलो.

पुंटो युरोपात आली १९९३ साली. आपल्याकडे २००९ मध्ये आली ती तिची तिसरी पिढी, इटालियन डिझायनर जुजारोंच्या संस्थेनं रेखाटलेली आणि पुण्याजवळ रांजणगावात बनलेली. पेट्रोलला १.२ आणि १.४ लिटरची ‘फायर’ इंजिनं, डिझेलला १.३ मल्टिजेट. इथं उभी होती ती डिझेल.

मिस्त्रीनं इंजिन सुरू केलं. “ऐका भाऊ, ठकठक आहे का?”

नव्हती. १२४८ सीसी, चार सिलिंडर, १६ व्हॉल्व्ह. जुन्या डिझेल इंजिनात इंधन एकदम आत जाई, एकाच भडक्यानं पेटे, ठकठक त्याचीच. इथं कॉमन रेल या सामायिक नळीत डिझेल प्रचंड दाबाखाली तुंबलेलं असतं आणि इंजेक्टर ते एका खेपेला पाच तुकड्यांपर्यंत तोडून देतो. आधी चिमूटभर, मग मुख्य घास. चुलीत आधी काटक्या, मग लाकूड, तसंच. इंजिन मिनिटाला २,००० फेरे घेत असेल, तर प्रत्येक सिलिंडरमध्ये हे मिनिटाला १,००० वेळा घडतं. इतकी नाजूक मोजणी धुळीच्या रस्त्यांवर वर्षानुवर्षं टिकते, याचं मला फार अप्रूप वाटतं.

मिस्त्री हे इंजिन शिकला स्विफ्टवर. मारुतीनं ते परवान्यावर बनवून डीडीआयएस म्हणून बसवलं. टाटांच्या इंडिका व्हिस्टात त्याचंच नाव क्वाड्राजेट.

मिस्त्रीला काळजी ऑइलची. या इंजिनात व्हॉल्व्हची वेळ सांभाळायला पट्ट्याऐवजी टायमिंग चेन आहे, आणि तिला ताणून धरणारा टेन्शनर ऑइलच्या दाबावर चालतो. ऑइल बदलायला उशीर झाला की सकाळी पहिल्या स्टार्टला चेन खडखडते. तेव्हाही दुर्लक्ष केलं आणि चेन घसरली, तर पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात. “आवाज आला की लगेच आणा, असं किती जणांना सांगू?” तो म्हणाला.

२०१८ मध्ये इटलीत पुंटोचं उत्पादन थांबलं. एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ प्रदूषण नियम लागू झाले आणि भारतातल्या नव्या गाड्यांतून हे डिझेलही गेलं. स्विफ्ट इतक्या खपल्या की इंजिनाचं सामान अजून मिळतं. अंगावरचं सामान मात्र पुंटोचं पुंटोलाच लागतं. या गाडीचा डावा हेडलाइट फुटला होता, त्या जागी नुसती वायर लोंबत होती. मिस्त्रीनं इंजिन बंद केलं, फडक्याला हात पुसले आणि जळगावच्या भंगारवाल्याला फोन लावला.