स्वस्त भारतभ्रमंती आणि मुक्कामांची निवड

पाठीवरच्या सॅकमध्ये मावेल एवढेच सामान घेऊन, सार्वजनिक वाहनांनी फिरत आणि साध्या निवासांत राहत स्वतःच आखलेल्या दीर्घ प्रवासाला बॅकपॅकिंग म्हणतात. असा प्रवास भारतभर करू पाहणारे बहुतेक जण आरंभी प्रसिद्ध स्थळांची यादी करतात, मग ती नकाशावर जोडत बसतात आणि बजेट जुळेनासे झाले की जेवणाखाण्यात काटकसर सुरू करतात. वास्तविक दिब्रुगडहून कन्याकुमारीला जाणाऱ्या विवेक एक्स्प्रेसला सुमारे ४,२०० किलोमीटरच्या वाटेवर तीन दिवसांहून अधिक काळ लागतो, एवढ्या विस्ताराच्या देशात खर्चाचा मोठा भाग एका गावाहून दुसऱ्या गावाला पोहोचण्यात आणि तेथे नव्याने जम बसवण्यात जातो. त्यामुळे काय पाहायचे याच्या आधी मुक्काम कोठे करायचा हे ठरवणे अधिक शहाणपणाचे असते.

रेल्वेच्या भाड्याची रचनाही याच विचाराला पुष्टी देते. प्रवासाचे अंतर जसे वाढते तसा दर किलोमीटरमागचा आकार कमी होत जातो आणि या पद्धतीला टेलिस्कोपिक भाडे म्हणतात. म्हणजेच एकाच मार्गावर पाच तुटक तिकिटे काढण्यापेक्षा सलग लांबचे तिकीट स्वस्त पडते. याचा पुरेपूर लाभ देणारी, पण फारशी परिचित नसलेली सोय म्हणजे चक्राकार प्रवासाचे तिकीट. ज्या स्थानकावरून निघायचे त्याच स्थानकावर परत यायचे, वाटेत जास्तीत जास्त आठ ठिकाणी उतरायचे, आणि एकूण अंतराचे दोन समान भाग कल्पून त्या दोन लांब प्रवासांचे भाडे भरायचे, असे तिचे स्वरूप आहे. हे तिकीट घरबसल्या निघत नाही. मार्ग लिहून रेल्वेच्या वाणिज्य विभागाकडे अर्ज करावा लागतो आणि प्रत्येक टप्प्याचे आरक्षण खिडकीवर वेगळे करावे लागते. राजधानी किंवा वंदे भारतसारख्या, स्वतंत्र दर असलेल्या गाड्या त्यात बसत नाहीत. ही खटपट अनेकांना नकोशी वाटते. तरीही आठ थांब्यांची ही मर्यादा आखणी करणाऱ्याच्या हिताचीच म्हटली पाहिजे, कारण महिना-दीड महिन्याच्या भटकंतीत त्याहून अधिक मुक्काम केले की माणूस गावे पाहण्याऐवजी फलाटच पाहत राहतो.

दोन मुक्कामांमध्ये किती अंतर असावे, याचा एक व्यवहारी ठोकताळा आहे. रात्री आठ-दहाच्या सुमारास निघून सकाळी पोहोचवणारी गाडी, म्हणजे साधारण पाचशे ते सातशे किलोमीटरचा टप्पा, शयनयान वर्गात केला की एका रात्रीचे खोलीभाडे वाचते आणि दिवसही हाती राहतो. मात्र अशा रात्री लागोपाठ आल्या तर अंग आंबून जाते आणि तिसऱ्या दिवशी वाचलेले पैसे आरामाच्या खोलीवरच खर्च होतात. सध्या आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधी उघडते, तेव्हा लांबचे टप्पे त्या सुमारास पक्के करून मधले छोटे टप्पे मोकळे ठेवणे सोयीचे.

मुक्काम निवडण्याची खरी कसोटी अशी, की त्या एका गावात खोली घेऊन आसपासच्या किती जागा सकाळी निघून संध्याकाळी परत येण्याच्या बेताने पाहता येतात. या दृष्टीने भोपाळ हे उत्तम उदाहरण ठरते, जरी पर्यटकांच्या याद्यांमध्ये ते आग्रा-जयपूरच्या बरेच खाली असते. मुंबईहून संध्याकाळी निघालेली पंजाब मेल सकाळी भोपाळला पोहोचते. तेथून दिल्लीच्या दिशेने जाणाऱ्या लोहमार्गावरच सांची आणि पुढे दहा किलोमीटरवर विदिशा आहे. सांचीला मोजक्याच गाड्या थांबतात, त्यामुळे विदिशाला उतरून बसने मागे येणे पुष्कळदा सोपे जाते. विदिशाच्या बाहेर उदयगिरीच्या गुप्तकालीन लेण्यांत पृथ्वीला वर उचलणारा महाकाय वराह कोरलेला आहे, आणि जवळच बेसनगरला हेलिओडोरस या यवन राजदूताने इसवी सनपूर्व दुसऱ्या शतकात वासुदेवाच्या नावे उभारलेला गरुडस्तंभ आहे. गावकरी त्याला खांबबाबा म्हणतात. भोपाळच्या दुसऱ्या अंगाला भोजपूरचे अकराव्या शतकातील अपुरे शिवमंदिर लागते. तेथील आसपासच्या खडकांवर स्थपतींनी कोरून ठेवलेले बांधकामाचे आराखडे अजून दिसतात, आणि मंदिर कसे बांधले जाई हे पुऱ्या झालेल्या देवळापेक्षा या अर्धवट देवळातच अधिक स्पष्ट कळते. त्याच बाजूला भीमबेटका आहे. विष्णु श्रीधर वाकणकर या मराठी पुरातत्त्वज्ञाचे लक्ष १९५७ साली रेल्वेच्या खिडकीतून दिसलेल्या खडकांकडे गेले आणि तेथील प्रागैतिहासिक चित्रांचा शोध लागला. सांची आणि भीमबेटका ही दोन्ही जागतिक वारसास्थळे, पण दोन्हींसाठी खोली एकच पुरते. पुरी-कोणार्कसाठी भुवनेश्वर, चोळांच्या मंदिरांसाठी कुंभकोणम आणि हंपीसाठी होस्पेट या गावांची निवड याच न्यायाने करता येते.

निवासाच्या बाबतीत भारताचे एक वैशिष्ट्य ध्यानात घ्यायला हवे: येथील सर्वांत स्वस्त निवास पर्यटनाने नव्हे, तर यात्रांनी उभे केले आहेत. अहिल्याबाई होळकरांनी तीर्थक्षेत्री घाट आणि धर्मशाळा बांधल्या, त्या परंपरेतच आजची भक्तनिवासे, मठ आणि गुरुद्वारांच्या सराया चालतात. म्हणून वाराणसी, हरिद्वार, पुरी, अमृतसर, रामेश्वर या गावांत थोडक्या पैशांत पाठ टेकता येते, आणि सुवर्णमंदिराच्या लंगरात किंवा उडुपीच्या कृष्णमठात जेवणही विनामूल्य मिळते. अर्थात या जागा भाविकांसाठी आहेत, तेथील नियम पाळण्याची तयारी हवी. काही धर्मशाळा एकट्या प्रवाशाला खोली देत नाहीत, हेही आधी विचारून घ्यावे. यात्रा नसलेल्या गावी रेल्वेचे विश्रामकक्ष उपयोगी पडतात, आणि केवळ दिवसभराचा थांबा असेल तर स्थानकावरची क्लोकरूम पुरते. तेथे कुलूप नसलेली पिशवी ठेवून घेत नाहीत, त्यामुळे दोरीने आवळायच्या सॅकला साखळी आणि लहानसे कुलूप लागतेच.

ठिकाणांचा क्रम मात्र ऋतू ठरवतो. महाराष्ट्रातून निघणाऱ्याने ऑक्टोबरात प्रारंभ करून प्रदक्षिणेच्या दिशेने, म्हणजे आधी उत्तर, मग पूर्व आणि शेवटी दक्षिण, असे फिरणे सर्वांत सोयीचे, आणि त्यामागे दोन कारणे आहेत. डिसेंबर-जानेवारीत गंगेच्या मैदानात दाट धुके पडते आणि गाड्या कित्येक तास रखडतात, तर तामिळनाडूत ईशान्य मोसमी वाऱ्यांचा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात पडतो. उलट दिशेने निघालेला प्रवासी आधी चेन्नईत भिजतो आणि नंतर लखनौच्या फलाटावर कुडकुडत बसतो. दिवाळी ते छठपूजा या दिवसांत उत्तर प्रदेश आणि बिहारकडे जाणाऱ्या गाड्यांत पाय ठेवायला जागा नसते, तेव्हा तो आठवडा राजस्थान किंवा मध्य प्रदेशात काढावा. लडाखला अशा हिवाळी फेरीत स्थान नाही: तेथे रेल्वे नाही आणि मनालीकडचा रस्ता बर्फामुळे कित्येक महिने बंद असतो, त्यामुळे त्यासाठी उन्हाळ्यात वेगळा प्रवास आखणेच बरे.

ठिकाण निवडताना आठवड्याचा वारही पाहावा लागतो, कारण ताजमहाल शुक्रवारी बंद असतो. आग्र्याला गुरुवारी रात्री उतरणाऱ्याचा एक मुक्काम विनाकारण वाढतो.

ईशान्य भारताचा विचार स्वतंत्रपणे करणे आवश्यक आहे. अरुणाचल प्रदेश, नागालँड, मिझोराम आणि मणिपूर या राज्यांत जाण्यासाठी इतर राज्यांतील भारतीयांनाही इनर लाइन परमिट काढावे लागते. १८७३ च्या ब्रिटिशकालीन नियमावलीतून आलेला हा प्रवेशपरवाना आहे. नागालँडचे मोठे रेल्वे स्थानक असलेले दिमापूर २०१९ पर्यंत त्यातून वगळलेले होते, आता तेही त्याच्या कक्षेत आले आहे. आसाम आणि मेघालयाला असा परवाना लागत नाही, शिवाय गुवाहाटीहून शिलाँगला सामायिक सुमोगाड्या सुटतात, त्यामुळे कमी पैशांत फिरणाऱ्याला या भागाची पहिली ओळख करून घेण्यास गुवाहाटीचा तळ पुरेसा होतो. अरुणाचल किंवा नागालँड यादीत असेलच, तर परवाना ठरावीक तारखांपुरता मिळतो हे लक्षात घेऊन आधी त्याचा अर्ज करावा आणि पुढच्या टप्प्यांची आरक्षणे त्या तारखांना धरून लावावीत.