टाकीत उतरलेला दुसरा माणूस

मंडळी, आजच्या विषयाला वर्तमानपत्रात साधारण तीन ओळींची जागा मिळते. 'टाकी साफ करताना गुदमरून दोन कामगारांचा मृत्यू.' पुढे गाव, पोलिसांत नोंद, संपलं. आपण आज या तीन ओळींतल्या 'दोन' या शब्दापाशी थांबणार आहोत. टाकी साफ करायला तर एकच जण उतरला होता. मग दोन कसे मेले?

कारखान्यातला अपघात म्हटलं की वितळलेलं लोखंड, फिरता पट्टा, क्रेनवरून सुटलेला बोजा असंच आपल्या डोळ्यांसमोर येतं. ते खोटं नाही. सातारा-सांगलीचा हा पट्टा यंत्रांच्या बाबतीत जुना आहे. किर्लोस्करवाडी १९१० ची, सातारा रोडचा कूपरांचा कारखाना त्यानंतर दहा-बारा वर्षांनी आला, आणि आज कुपवाड, मिरज, सातारा, शिरवळ इथे फौंड्र्या आणि मशीनशॉप आहेत. पण गावोगावच्या माणसाचा संबंध येतो तो साखर कारखान्याशी. आपण त्याला सहकाराची, राजकारणाची गोष्ट समजतो. जड उद्योग म्हणून त्याच्याकडे कोणी बघतच नाही. मिलचे रोलर, बॉयलर, टर्बाइन, डिस्टिलरी, मळीच्या टाक्या, सांडपाण्याचा प्रकल्प हे सगळं एकाच आवारात असतं.

हंगामात तिथे रात्रंदिवस माणसं असतात, प्रत्येक जागेला जबाबदार कोणीतरी असतो. पट्टा पडला, म्हणजे गाळप संपलं, की कायम कामगारांची वर्दळ कमी होते आणि साफसफाई, वेल्डिंग, रंगकाम, ओव्हरहॉलिंग सुरू होतं. यातलं बरंचसं ठेकेदाराकडे जातं. नेहमीची यंत्रं शांत, आवार मोकळं, त्यामुळे सगळ्यांना वाटतं की आता धोका नाही. नागपूर जिल्ह्यात बेला इथल्या साखर कारखान्याच्या बायोगॅस प्रकल्पात १ ऑगस्ट २०२० ला स्फोट होऊन पाच कामगार गेले. महिना बघा: ऑगस्ट. गाळपाचा नव्हे, दुरुस्तीचा.

आता टाकीच्या आत काय असतं ते बघू. आपण श्वास घेतो त्या हवेत सुमारे २१ टक्के प्राणवायू असतो. तो १९.५ टक्क्यांच्या खाली गेला की ती जागा असुरक्षित धरतात. दहाच्या आसपास माणूस बेशुद्ध पडतो. बंद लोखंडी टाकीला नुसता गंज चढला तरी त्या गंजात प्राणवायू खर्च होतो. त्यासाठी आत विष असायला लागत नाही. मळी आंबली की कार्बन डायऑक्साइड तयार होतो. तो हवेपेक्षा जड, म्हणून तळाशी बसतो. वरून डोकावणाऱ्याला काहीच जाणवत नाही, आणि काम तर तळाशीच असतं.

सांडपाण्याच्या गाळात आणि डिस्टिलरीच्या स्पेंट वॉशमध्ये आणखी एक वायू असतो, हायड्रोजन सल्फाइड. थोडा असताना सडक्या अंड्यासारखा वास येतो. पण हवेच्या दहा लाख भागांत साधारण शंभर भाग झाला की नाकाची वास घेण्याची शक्तीच बधिर होते. म्हणजे वास गेला तर तो वायू गेला म्हणून नव्हे, वाढला म्हणूनही असेल! दहा लाखांत हजार भागांपर्यंत पोचला तर एक-दोन श्वासांत माणूस कोसळतो. 'वास येत नाही, उतर' हे वाक्य म्हणून जीवघेणं आहे. दिवा किंवा काडी सोडून बघणं हाही इलाज नाही. आत मिथेन असेल तर काडीनेच भडका उडेल.

तर पहिला माणूस कोसळला. वर उभा असलेला सहकारी ते बघतो. त्याला वाटतं चक्कर आली, पाय घसरला. तो त्याचा गाववाला असतो, कधी भाऊ किंवा चुलता, कारण ठेकेदाराच्या टोळ्या नात्यागोत्यातूनच जमतात. तो विचार न करता उतरतो. अमेरिकेतल्या नायॉश या कामगार-सुरक्षा संशोधन संस्थेने १९८६ साली नोंदवलं की अशा बंदिस्त जागांमधल्या मृतांत ६० टक्क्यांहून जास्त लोक वाचवायला गेलेले होते. आपल्या बातमीतला 'दुसरा' तो हाच. त्याला बेफिकीर म्हणणं आम्हाला मान्य नाही. त्याने माणूस म्हणून जे करायचं ते केलं. त्याच्या हातात दोर दिलेला नव्हता, एवढंच.

आणि दोर द्यायचा हे कायद्यात होतं. १९४८ च्या कारखाने अधिनियमाचं कलम ३६ काढून वाचा, सोप्या भाषेत आहे. जिथे घातक वायू असण्याची शक्यता आहे अशा टाकीत, खड्ड्यात कोणाला उतरवायचं तर आधी वायू काढून टाका आणि जाणकार व्यक्तीने स्वतः तपासून लेखी दाखला द्यावा. नाहीतर उतरणाऱ्याला श्वसनयंत्र द्या, पट्टा बांधा, आणि त्या पट्ट्याच्या दोराचं दुसरं टोक टाकीबाहेरच्या माणसाच्या हातात असू द्या. बाहेरच्या माणसाने आत उडी मारायची वेळच येऊ नये, अशी ही रचना आहे. वायू मोजणारा मीटर काही हजार रुपयांना मिळतो. कागदी 'परमिट' बऱ्याच ठिकाणी असतंही, पण ते ऑफिसात बसून भरलेलं असलं तर त्याचा उपयोग फक्त चौकशीपुरता.

वायू टाकीतच थांबतो असंही नाही. कडेगाव तालुक्यात शाळगावच्या एमआयडीसीत २१ नोव्हेंबर २०२४ च्या संध्याकाळी एका रसायन कारखान्यात रिॲक्टरचा स्फोट होऊन वायू पसरला. तिघांचा जीव गेला. त्यांत दोन कामगार स्त्रिया होत्या आणि एक सुरक्षारक्षक. रक्षकाला आपण गेटवरचा माणूस समजतो. वायूच्या प्रशिक्षणात त्याचं नाव घालायचं कोणाच्या लक्षात येतं?

योगायोग असा की बरोबर एका वर्षाने, २१ नोव्हेंबर २०२५ ला, नव्या कामगार संहिता देशात लागू झाल्या. जुन्या कायद्यात सुरक्षेचा नियम मोडून मृत्यू झाला तर किमान दंड होता २५,००० रुपये. नव्या संहितेत तो किमान पाच लाख आहे, आणि त्यातला निम्मा तरी वारसांना देण्याचा आदेश न्यायालय देऊ शकतं. ही सुधारणाच आहे. पण त्याच संहितेत विजेवर चालणाऱ्या कारखान्याची व्याख्या दहा कामगारांवरून वीसवर नेली. कुपवाडसारख्या वसाहतीत बारा-पंधरा माणसांची युनिटं किती असतात हे तुम्हाला सांगायला नको.

भरपाईचं थोडं सांगून थांबतो. हंगामी कारखाने, त्यात साखर आलीच, ईएसआयच्या बाहेर ठेवलेले आहेत. त्यामुळे वारसांना बहुधा १९२३ च्या भरपाई कायद्याच्या सूत्रावर जावं लागतं; नव्या संहितेतही सूत्र तेच आहे. निम्मा पगार गुणिले वयाचा गुणक. तीस वर्षांच्या माणसाचा गुणक २०७.९८, आणि पगार धरताना २०२० पासूनची मर्यादा महिना १५,००० रुपये. हिशेब येतो १५,५९,८५० रुपये. माणूस ठेकेदाराचा असला तरी काम कारखान्याचं होतं, म्हणून दावा मूळ मालकावरही लावता येतो. अडतं ते पुराव्यावर. तो त्या दिवशी तिथे कामाला होता हे घरच्यांनी कशावरून दाखवायचं? हजेरीपत्रक ठेकेदाराच्या पिशवीत, गेटपास दुसऱ्याच्या नावाचा. परमिटवर आत उतरणाऱ्याचं नाव, बाहेर दोर धरणाऱ्याचं नाव आणि वेळ लिहिलेली असेल, तर तोच कागद तिथे उपयोगी पडतो.