दहा कोंबड्या आणि शंभरांची बाटली

वेरूळला येणारा प्रवासी कैलास लेणे पाहतो, घृष्णेश्वराचे दर्शन घेतो आणि रस्त्याला लागतो. गावातल्या उकिरड्यांकडे त्याने पाहावे असे काही कारण नाही. पण मराठवाड्यातल्या कोरडवाहू गावांचे एक छोटे अर्थकारण त्या उकिरड्यांवरच माती उकरत असते. आठ-दहा कोंबड्या, एखादा कोंबडा, रात्री झाकायला डालगे किंवा विटांचे खुराडे. सरकारी भाषेत हे ‘परसातील कुक्कुटपालन’. कापसाचा पैसा घरातल्या पुरुषाच्या खिशात जातो. अंड्यांचा आणि कोंबडीचा पैसा बहुधा बाईच्या हाती राहतो. पोराची वही, माहेरचे एसटीचे तिकीट त्यातून निघते.

या धंद्यात खाद्याला पैसे मोजावे लागत नाहीत, हीच त्याची खरी ताकद. सकाळी मूठभर बाजरी किंवा मक्याची भरड, शिळी भाकरी कुस्करून. बाकी किडे, गवताचे बी, खरकटे कोंबडी स्वतःच शोधते. शेण आणि काड्यांनी भरलेले मडके वारुळावर पालथे घातले, की दुसऱ्या दिवशी त्यात वाळवी भरते आणि पिल्लांना फुकटचे मांस मिळते. अंड्याचे कवच पातळ होऊ लागले तर शिंपल्याची भुकटी किंवा चुनखडीचा चुरा ठेवावा. एवढे केले तरी पुष्कळ.

गावठी कोंबडी वर्षाला पन्नास-साठ अंडी देते, म्हणून तिला नावे ठेवण्याची आपल्याकडे पद्धत आहे. बंगळूरच्या कृषी विद्यापीठाची गिरिराजा, हैदराबादची वनराजा अंडी जास्त देतात हे खरे. पण त्या सहसा खुडूक होत नाहीत. पिल्ले पुन्हा विकतच आणायची. गावठी कोंबडी एकवीस दिवस अंड्यांवर बसते, घार दिसली की पिल्ले पंखाखाली घेते. हे काम अंड्यांच्या आकड्यात कुणी धरत नाही.

अलीकडे परसात टर्कीही दिसू लागली आहे. पक्षी मूळचा अमेरिकेतला. १६१२ मध्ये मुकर्रबखानाने तो गोव्याहून जहांगीर बादशहाकडे नेला, आणि डोक्या-मानेचा रंग सरड्यासारखा पालटतो याचे बादशहाला मोठे नवल वाटले. उस्ताद मन्सूरने काढलेले त्याचे चित्र आज लंडनच्या संग्रहालयात आहे. (त्याच जहांगिराचा नातू औरंगजेब वेरुळाशेजारी घाटावर, खुलदाबादला, मातीखाली आहे.)

नवल ठीक, पण टर्की म्हणजे मोठी कोंबडी नव्हे. तिची अंडी अठ्ठावीस दिवसांनी फुटतात. कोंबडीच्या पिल्लाला खाद्यात वीस टक्क्यांच्या आसपास प्रथिने पुरतात, टर्कीच्या पिल्लाला सुरुवातीला अठ्ठावीसपर्यंत लागतात. शिवाय ही पिल्ले इतकी मंद, की समोर दाणा असून उपाशी मरतात. त्यांना चोच लावून शिकवावे लागते. मोठी झाल्यावर मात्र लसूणघास, पालेभाज्यांचा पाला आवडीने खातात. म्हणून खाद्य स्वस्तात निभेल असे वाटते, आणि ती कोंबड्यांतच सोडली जातात. धोका तिथेच आहे. कोंबडीच्या आतड्यातील कृमींच्या अंड्यांतून एक सूक्ष्म जीव मातीत उतरतो. कोंबडीला तो फारसा बाधत नाही, टर्कीचे यकृत मात्र पोखरतो. हा ‘ब्लॅकहेड’ रोग. जिच्या अंगणाला एकच कोपरा आहे, तिने टर्कीच्या वाटेला जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

कोंबडीचा काळ निराळा आहे: मानमोडी. १९२८ साली कुमाऊँतल्या राणीखेतला या रोगाची नोंद झाली, म्हणून त्याला ‘राणीखेत’ही म्हणतात. हिरवट हगवण, वाकडी मान, आणि दोन-चार दिवसांत खुराडे रिकामे. त्यावर औषध नाही. फेब्रुवारी २००६ मध्ये नवापूरला बर्ड फ्लू आला तेव्हा सगळा देश हादरला. मानमोडीने ओस पडलेल्या खुराड्याची बातमी होत नाही.

लस मात्र आहे, आणि एका कोंबडीमागे तिचा खर्च अगदी किरकोळ. पहिल्या आठवड्यात लासोटाचा एक थेंब डोळ्यात, पुढे सहा-आठ आठवड्यांनी आर-टू-बीचे टोचण. मग कोंबड्या मरतात का? कारण बाटली शंभर किंवा त्याहून जास्त पक्ष्यांची येते, बर्फात ठेवावी लागते आणि एकदा कालवली की दोन तासांत संपवावी लागते. शेडवाल्याला ही बाटली अपुरी पडते, दहा कोंबड्यांच्या बाईला ती फोडणेच परवडत नाही. नव्वद मात्रा मातीत ओतायच्या कशा?

दहा घरांच्या दहा कोंबड्या म्हणजे शंभरच की! एका गल्लीने एक दिवस ठरवावा. तालुक्याच्या दवाखान्यातून बर्फ घातलेल्या थर्मासात बाटली आणावी. दिवसा पळणाऱ्या कोंबड्या अंधार पडल्यावर आपोआप खुराड्यात येतात, हाताला लागतात. तेव्हाच लस कालवावी आणि पहिल्या घरापासून सुरुवात करावी. मात्र आधीच मलूल बसलेल्या कोंबडीला टोचू नये, तिला त्या रात्री वेगळ्या डालग्याखाली ठेवावे.