देहोपस्थिती आणि प्राचार्यांचे पत्र

भारतीय संविधानाच्या मराठी पाठात, २२६ व्या अनुच्छेदाखाली उच्च न्यायालयांना जे आदेश काढता येतात त्यांत ‘देहोपस्थिती’ हा पहिला होय. मूळ लॅटिन ‘हेबिअस कॉर्पस’ यातील क्रियापद द्वितीयपुरुषी एकवचनी आहे. म्हणजे ते बंदी करणाऱ्यालाच उद्देशून उच्चारलेले वाक्य आहे, आणि देह त्याच्याच ताब्यात आहे हे त्यात गृहीत धरलेले आहे. मराठी संज्ञेत हा संबोधित पुरुष लोपला. ही केवळ व्याकरणाची बारकाई नव्हे. ज्याला उद्देशून आदेश काढावयाचा तोच ‘असा कोणी माझ्यापाशी नाही’ असे शपथेवर सांगू लागला, म्हणजे आदेशाचा आधारच ढासळतो. मग न्यायालयापुढे प्रश्न उरतो तो कायद्याचा नव्हे, वस्तुस्थितीचा: या माणसाला नेताना कोणी पाहिले? घरापासून दूर वसतिगृहात राहणाऱ्या विद्यार्थ्याच्या बाबतीत या प्रश्नाचे उत्तर देऊ शकणारे लोक म्हणजे त्याचे सहाध्यायी आणि त्याचे अध्यापक. केरळातील राजन प्रकरणाचे महत्त्व या दृष्टीने पाहिले पाहिजे.

पी. राजन हा कालिकतच्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालयाचा विद्यार्थी. २८ फेब्रुवारी १९७६ रोजी कायण्णा येथील पोलीस ठाण्यावर नक्षलवाद्यांनी हल्ला केला. त्यानंतर १ मार्चच्या सकाळी पोलिसांनी राजनला आणखी एका विद्यार्थ्यासह पकडून नेले आणि कक्कयम येथील पोलीस छावणीत ठेवले. अटकेची नोंद झाली नाही; दंडाधिकाऱ्यापुढेही त्याला उभे करण्यात आले नाही. महाविद्यालयाचे प्राचार्य प्रा. बहाउद्दीन यांनी राजनचे वडील ईच्चर वारियर यांना नोंदणीकृत टपालाने पत्र पाठवून मुलाला पोलिसांनी नेल्याचे कळविले. वारियर स्वतः हिंदीचे प्राध्यापक होते.

हे पत्र कोणत्या काळात लिहिले गेले हे ध्यानात घ्यावयास हवे. आणीबाणी चालू होती. २७ जून १९७५ च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुच्छेद १४, २१ व २२ यांखालील हक्कांसाठी न्यायालयात दाद मागण्याची वाट बंद झालेली होती. आणि २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जबलपूर खटल्यात चार विरुद्ध एक अशा बहुमताने त्या बंदीवर शिक्कामोर्तब केले. विरोधी मत दिले ते एकट्या न्यायमूर्ती खन्ना यांनी. अशा दिवसांत एका शासकीय संस्थेच्या प्रमुखाने पोलिसी कारवाईची लेखी वार्ता विद्यार्थ्याच्या घरी धाडावी, ही गोष्ट वरकरणी दिसते तितकी साधी नाही. पत्रात निषेध असण्याची गरज नव्हती. कोणाला, केव्हा आणि कोणी नेले एवढे त्यात असले, तरी त्याला पुराव्याचे मोल होते.

वारियर यांनी पोलीस अधिकारी, मंत्री आणि केंद्र सरकार यांच्याकडे वर्षभर खेटे घातले. हाती काही लागले नाही. २१ मार्च १९७७ ला आणीबाणी उठली आणि चारच दिवसांनी, २५ मार्चला, त्यांनी केरळ उच्च न्यायालयात देहोपस्थितीचा अर्ज दाखल केला. आणीबाणीत गृहखाते सांभाळणारे के. करुणाकरन त्याच दिवशी मुख्यमंत्री झाले. राजनला कधी ताब्यात घेतलेच नव्हते, असे शासनपक्षाने शपथेवर सांगितले. एरवी असा अर्ज येथेच निकालात निघावयाचा. परंतु न्यायमूर्ती पोटी व न्यायमूर्ती खालिद यांनी नुसत्या प्रतिज्ञापत्रांवर विसंबून न राहता साक्षीपुरावा घेतला. प्राचार्य, विद्यार्थी आणि छावणीत राजनला पाहिलेले लोक यांच्या साक्षी विश्वसनीय ठरल्या. १३ एप्रिल १९७७ च्या निर्णयात राजनला पोलिसांनी ताब्यात घेतले होते असा निष्कर्ष नोंदवून न्यायालयाने त्याला हजर करण्याचा आदेश दिला. २५ एप्रिलला करुणाकरन यांनी राजीनामा दिला. पुढे शासनाने कबूल केले की राजनचा कोठडीतच, अटकेच्या दुसऱ्या दिवशी, २ मार्च १९७६ रोजी मृत्यू झाला होता. मृतदेह कधीच मिळाला नाही.

म्हणजे प्राचार्यांच्या पत्राने विद्यार्थ्याचा जीव वाचला नाही, वाचणे शक्यही नव्हते. त्या पत्राने आणि त्यामागून आलेल्या साक्षीने एवढेच केले की ‘तो आमच्याकडे नव्हताच’ हे म्हणणे टिकू दिले नाही.

यानंतर कायद्यात पुष्कळ फरक पडला. ४४ व्या घटनादुरुस्तीने (१९७८) आणीबाणीतही अनुच्छेद २० व २१ यांची अंमलबजावणी स्थगित करता येत नाही. अटकेनंतरच्या हक्कांचा अनुच्छेद २२ मात्र या संरक्षणातून वगळलेलाच राहिला, याकडे सहसा लक्ष जात नाही. जबलपूर निर्णय २०१७ साली सर्वोच्च न्यायालयानेच रद्दबातल ठरविला. अध्यापकांच्या दृष्टीने अधिक निकटची आहे ती १९९६ च्या डी. के. बसू निर्णयातील तरतूद, जी आज भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही आहे. अटक करताना पोलिसांनी अटकेचे ज्ञापन तयार करावयाचे, आणि त्यावर कुटुंबीयाची किंवा त्या परिसरातील प्रतिष्ठित व्यक्तीची साक्ष घ्यावयाची. वसतिगृहातून विद्यार्थी नेला जात असता कुटुंबीय जवळ नसतात. अधीक्षक वा प्राध्यापक असतात. दंडाधिकाऱ्यापुढे हजर करण्याची चोवीस तासांची मुदत, प्रवासाचा वेळ वगळून, अटकेच्या क्षणापासून धावू लागते. त्यामुळे वसतिगृहाच्या नोंदवहीत ‘सकाळी नेले’ एवढे लिहून भागत नाही. किती वाजता नेले, हे घड्याळ पाहून लिहावे लागते.