रजेवरचे न्यायाधीश आणि खोळंबलेला न्याय

न्यायालयाच्या दारात तारखेची वाट पाहणारा मनुष्य कोणत्याही देशात ओळखू येतो. हातात कागदांची पिशवी, चेहऱ्यावर सकाळपासूनचा शीण, आणि कारकुनाच्या प्रत्येक हाकेसरशी उंचावणारी मान. आमच्या परिचयाच्या एका बेने इस्राएल कुटुंबाला वडिलांच्या घराच्या वाटणीत हाच अनुभव आला. साक्षी झाल्या होत्या, केवळ वकिलांची भाषणे उरली होती, आणि न्यायाधीश दीर्घ रजेवर गेले. पुढची तारीख लागेपर्यंत अनेक महिने उलटले. त्या काळात दावा कोणी जिंकला नाही, कोणी हरलाही नाही; घरातील वृद्ध मातोश्री मात्र थकल्या. या घटनेने आम्हाला एका प्रश्नाचा विचार करावयास लावले: न्यायाधीश दीर्घकाळ गैरहजर राहिले, तर त्यांच्या आसनावर कोणी बसावे, आणि त्याला तेथे कोणी बसवावे?

न्यायाधीशही माणूसच आहे. तो आजारी पडतो. महिला न्यायाधीश प्रसूतीच्या रजेवर जातात. कोणी अभ्यासासाठी शब्बातोनची रजा घेतो. मोठ्या न्यायालयात ही उणीव कोणाच्या ध्यानातही येत नाही. लहान न्यायालयात मात्र एक खुर्ची रिकामी झाली की सारा गाडा अडतो. आपल्या धर्मशास्त्रानुसार पैशाच्या तंट्यासाठी तीन दयानांचे बेत-दिन लागते. तिघांपैकी एक नसेल तर उरलेले दोघे कितीही विद्वान असोत, निवाडा होत नाही. आपल्या देशाचे सर्वोच्च न्यायालयही सामान्यतः तीन न्यायाधीशांच्या पीठानेच काम पाहते.

हे न्यायालय 1948 च्या सप्टेंबरात यरुशलेम येथे सुरू झाले, तेव्हा न्यायाधीश अवघे पाच होते: अध्यक्ष मोशे झमोयरा आणि त्यांच्यासह यित्झाक ओलशान, रब्बी सिम्हा असाफ, मेनाहेम डुंकेलब्लुम व श्नेऊर झालमान हेशीन. पुढील सहा वर्षांतच या पाचांपैकी तिघांची स्थाने रिकामी झाली. डुंकेलब्लुम 1951 मध्ये व रब्बी असाफ 1953 मध्ये निवर्तले. झमोयरा 1954 मध्ये प्रकृतीच्या कारणाने निवृत्त झाले. इतक्या लहान न्यायालयात एका माणसाचे आजारपणही किती जड जाते, हे यावरून दिसून येते.

न्यायालयावर सरकारी कर्तव्याचाही भार येतो. योम किप्पूर युद्धानंतर 1973 च्या नोव्हेंबरात चौकशी आयोग नेमला गेला. त्याचे अध्यक्षपद न्यायालयाचे अध्यक्ष शिमोन अग्रानात यांच्याकडे होते, आणि न्यायमूर्ती मोशे लँडाउ हे त्याचे एक सदस्य होते. आयोगाचा अंतिम अहवाल 1975 च्या जानेवारीत सादर झाला. 1982-83 च्या आयोगात अध्यक्ष यित्झाक कहान व न्यायमूर्ती अहरोन बाराक होते. न्यायमूर्ती थिओडोर ओर यांचा आयोग 2000 मध्ये नेमला गेला आणि त्याचा अहवाल 2003 मध्ये आला. राष्ट्राच्या मोठ्या प्रश्नांचा शोध घेण्यास न्यायाधीश हवेतच. परंतु ते तिकडे गुंतले असता इकडे अपिले घेऊन आलेल्या सामान्य माणसाने कोठे जावे?

यासाठी 1984 च्या न्यायालय कायद्यात तात्पुरत्या नेमणुकीची सोय आहे. कायदामंत्री सर्वोच्च न्यायालयाच्या अध्यक्षांच्या संमतीने जिल्हा न्यायाधीशास त्या न्यायालयावर ‘शोफेत बेफोअल’, म्हणजे हंगामी न्यायाधीश, म्हणून नेमू शकतात. ही मुदत तीन वर्षांच्या काळात एका वर्षाहून अधिक असता कामा नये. कायम न्यायाधीशाची गोष्ट निराळी. त्याची निवड नऊ सदस्यांच्या समितीकडून होते. समितीत न्यायाधीश, मंत्री, क्नेसेतचे सभासद व वकील संघटनेचे प्रतिनिधी असतात, असा अनेक दशकांचा परिपाठ आहे. कायम न्यायाधीश वयाच्या सत्तराव्या वर्षापर्यंत आसनावर राहतो. त्याला कोणाच्या मर्जीकडे पाहावे लागत नाही.

या सोयीने काही चांगल्या गोष्टीही घडल्या. अब्द अल्-रहमान झुअबी हे 1999 मध्ये हंगामी नेमणुकीवर सर्वोच्च न्यायालयात आले, तेव्हा त्या आसनावर बसणारे ते पहिले अरब न्यायाधीश ठरले. पुढे सलीम जुब्रान हेही प्रथम हंगामी म्हणूनच आले. 2004 मध्ये ते कायम झाले आणि 2017 मध्ये निवृत्त झाले. कायमचा दरवाजा उघडण्यापूर्वी एक लहान दार उघडले गेले, असे म्हणावयास हरकत नाही.

पण याच लहान दाराशी धोकाही उभा आहे. हंगामी नेमणूक ही उमेदवाराची परीक्षा होऊ लागली, तर काय होईल? ज्याला पुढे कायम व्हावयाचे आहे, त्याच्यासमोर सरकारविरुद्धचा दावा आला, म्हणजे त्याचे मन कितीही स्वच्छ असले, तरी पक्षकाराच्या मनात शंका राहतेच. न्याय केवळ होऊन भागत नाही. तो झाला असा विश्वासही हरलेल्या पक्षाला वाटावा लागतो.

आपल्यापैकी जे मुंबईहून आले, त्यांना भारतातील अनुभव आठवत असेल. भारतीय राज्यघटनेच्या 127 व्या कलमानुसार सर्वोच्च न्यायालयात गणसंख्या अपुरी पडल्यास उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशास तात्पुरते पाचारण करता येते. 224 व्या कलमाच्या दुसऱ्या भागात उच्च न्यायालयातील न्यायाधीश गैरहजर असता त्याच्या जागी हंगामी न्यायाधीश नेमण्याची तरतूद आहे. तो मूळ न्यायाधीश परत येईपर्यंतच बसतो. त्याच कलमाच्या पहिल्या भागात मात्र साचलेल्या कामासाठी दोन वर्षांपर्यंत जादा न्यायाधीश नेमण्याची मुभा आहे, आणि वाद पेटला तो तेथेच. 1981 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाचे जादा न्यायाधीश एस. एन. कुमार यांची मुदत वाढविली गेली नाही. मुंबईच्या वकिलांनीही त्या वर्षी सरकारच्या एका परिपत्रकाविरुद्ध उच्च न्यायालयाचे दार ठोठावले. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 1981 मध्ये निकाल दिला; कुमार यांना त्यांचे आसन परत मिळाले नाही.

या साऱ्यावरून आम्हाला एक भेद महत्त्वाचा वाटतो. गैरहजेरी वेगळी, आणि रिक्त जागा वेगळी. जो परत येणार आहे, त्याच्या जागी काही काळ दुसऱ्याने बसावे, हा प्रपंचातलाच व्यवहार आहे; घरातील मोठा भाऊ परगावी गेला तर धाकटा दुकान सांभाळतो. परंतु मोठा भाऊ परत येणारच नसेल, तर दुकान कोणाचे हे ठरवावेच लागते. ते धाकट्याच्या माथी ‘तूर्त’ म्हणून टाकून चालत नाही.

अलीकडच्या घटना याच भेदाकडे बोट दाखवितात. 2023 च्या ऑक्टोबरात अध्यक्षा एस्तेर हयूत व न्यायमूर्ती अनात बारोन निवृत्त झाल्या. निवृत्त न्यायाधीशास हाती घेतलेल्या खटल्यांचे निकाल लिहिण्यास कायदा तीन महिने देतो. तेवढ्या काळात अर्धवट कामे पुरी झाली. नव्या नेमणुका मात्र झाल्या नाहीत. उझी फोगेलमान जवळजवळ वर्षभर हंगामी अध्यक्ष होते. 2024 च्या ऑक्टोबरात तेही निवृत्त झाले, आणि पंधरांच्या न्यायालयात बारा जण उरले. यित्झाक अमीत यांची अध्यक्षपदी निवड 2025 च्या जानेवारीत झाली. ज्यांनी तो काळ सांभाळला, त्यांच्या निष्ठेविषयी आम्हाला आदरच आहे. पण ‘हंगामी’ हा शब्द वर्षभर पाटीवर राहणे कोणत्याही न्यायालयास शोभत नाही.

म्हणून आमचे मत असे की, दीर्घ रजा मंजूर होताच बदली न्यायाधीश नेमावा. त्याची मुदत आरंभीच लेखी ठरवावी आणि ती कोणाच्या खुशीवर वाढू नये. शक्यतो असा न्यायाधीश निवडावा की ज्याला त्या आसनाची पुढे अपेक्षा नाही. त्याने हाती घेतलेला खटला त्यानेच संपवावा, म्हणजे साक्षी पुन्हा ऐकण्याची वेळ येणार नाही. आणि जी जागा खरोखरच रिकामी आहे, ती कायम नेमणुकीनेच भरावी.

आरंभी उल्लेखिलेल्या कुटुंबाचा दावा अखेर निकाली निघाला. निकाल कोणाच्या बाजूने लागला, हे त्या मातोश्रींनी आम्हाला सांगितले नाही. त्या एवढेच म्हणाल्या, “आता ती पिशवी कपाटात ठेवून दिली बघा.”