तेल महागलं, मग सोयाबीन का नाही?

2024 च्या दिवाळीआधी तेलाची पिशवी एकदम महागली. 14 सप्टेंबरपासून केंद्राने कच्च्या पाम, सोयाबीन, सूर्यफूल तेलावरचं आयात शुल्क अधिभारांसह 5.5 वरून 27.5 टक्क्यांवर नेलं होतं. आपलं निम्म्याहून जास्त खाद्यतेल बाहेरून येतं. आयातदार शुल्क किमतीत धरतो आणि देशी तेलही त्याच भावाला जाऊन बसतं.

सोयाबीन उत्पादकाला चार पैसे जास्त मिळावेत, हा हेतू. पण दाण्यात तेल जेमतेम 18-20 टक्के. उरते ती मुख्यतः पेंड. तिचा भाव जगभर पडलेला, तिथे तेलावरचं शुल्क काय करणार? लातूरच्या आडतीवर सोयाबीन क्विंटलमागे 4892 रुपयांच्या हमीभावाखालीच विकलं गेलं. घराघरांतून जादा गेलेला पैसा शेतकऱ्याला पुरेसा पोहोचला नाही, हे मनाला फार लागतं. मे 2025 अखेर या कच्च्या खाद्यतेलांवरचं, अधिभार वगळून, मूळ शुल्क 20 वरून 10 टक्क्यांवर आलं.