पोलाद आतून कसं फाटतं

सिहोऱ्यात घराचा स्लॅब टाकायचा असला की आधी अंगणात सळया येऊन पडतात. मिस्त्री त्या पाहिजे तशा वाकवतो आणि त्या मोडत नाहीत. या चिवटपणात मँगनीजचा मोठा वाटा आहे. सिहोऱ्याच्याच तुमसर तालुक्यात, चिखला आणि डोंगरी बुजुर्ग इथल्या मॉयल कंपनीच्या खाणींतून त्याचं खनिज निघतं.

पोलादात थोडं गंधक राहूनच जातं. ते लोखंडाशी जुळलं तर लाल तापलेलं पोलाद लाटताना चिरतं. मँगनीज त्या गंधकाला स्वतःकडे ओढून घेतं आणि त्याचे बारीक कण बनवतं. पण पोलादाशी या कणांची पकड कच्ची असते. सळई जोरात ताणली की कणांभोवतीचं पोलाद सुटतं आणि तिथे डोळ्यांना न दिसणारी पोकळी पडते. अशा पोकळ्या फुगत जातात, एकमेकींना भिडतात आणि पोलाद आतून फाटतं. प्रयोगशाळेत तुटलेल्या सळईचं एक टोक वाटीसारखं खोलगट दिसतं, ते यामुळेच.

मग फाटण्याची वेळ आधी सांगता येईल का?

१९६९ साली राइस आणि ट्रेसी या संशोधकांनी एकट्या पोकळीच्या वाढीचं गणित मांडलं. पोलाद किती ताणलं गेलं, एवढं पाहून भागत नाही. ताण एकाच दिशेने आहे की चहूबाजूंनी, हेही पाहावं लागतं. साध्या ओढीत या चहूबाजूंच्या ताणाचं प्रमाण एक तृतीयांश असतं. खाच किंवा सांध्याजवळ ते एकवर गेलं, तर पोलाद तेवढंच ताणलं तरी पोकळी जवळपास २.७ पट वेगाने वाढते. इमारती सांध्यांपाशी का दगा देतात, याचं एक मोठं उत्तर या आकड्यात आहे.

१७ जानेवारी १९९४ रोजी कॅलिफोर्नियात नॉर्थरिजचा भूकंप झाला. पोलादी इमारती उभ्या राहिल्या, पण तुळई आणि खांबांच्या वेल्डिंगच्या सांध्यांना तडे गेल्याचं नंतर उघड झालं. ज्या सांध्यांनी ताणून, वाकून धक्का सोसावा अशी अपेक्षा होती, तेच फारसे न ताणता फाटले होते. त्यानंतर या अभ्यासाला जोर आला. अमित कानविंदे आणि ग्रेगरी डायरलाइन या संशोधकांनी २००६ साली पोकळीच्या वाढीचं सूत्र इमारतींच्या पोलादावर तपासलं. खाच पाडलेल्या छोट्या दांड्या ओढून पोलादाची सहनशक्ती मोजायची आणि संगणकावर सांध्याचा कोणता बिंदू ती ओलांडतो ते शोधायचं, अशी ही रीत.

भूकंपात सांधा एकदा ओढला जातो, लगेच दाबला जातो. दाबात पोकळ्या आवळतात, ओढीत पुन्हा फुगतात आणि हेलकाव्यागणिक पोलादाची सहनशक्तीही घटते. पुढच्याच वर्षी दोघांनी हा जमाखर्चही सूत्रात आणला.